गाऱ्हाणं नसलेला मेंबर

"पखालनं तोंड आनि मानूसनं तोंड, दोन्ही बांधेल बरं, बेटा. सुटनं का बठ्ठी वाट वल्ली!"

निजाम पखालवाल्याच्या कानात हा आवाज लहानपणापासून होता. त्याचे अब्बा हे बोलले तेव्हा विहिरीच्या काठावर उभे होते. हातात कातड्याच्या पखालीची दोरी, दाढीत पाण्याचे थेंब. पखालीला गाठ मारता मारता बोललेलं ते बोलणं पोराच्या जिभेलाही गाठ मारून गेलं. पुढे अब्बा मातीआड गेले. त्यांचा हेला, म्हणजे पखाल वाहणारा रेडा, गेला, त्याच्यानंतरचा हेलाही गेला. जिभेची गाठ तेवढी राहिली.

आमचं गाव नंदुरबार आणि रनाळ्याच्या मधल्या सपाटीवरचं. तेव्हा राज्य इंग्रजाचं होतं, पण धूळ कुणाचंच राज्य मानत नसे. चैत्र लागला की ती उठायची, माणसांच्या पापण्यांवर बसायची, भाकरीवर बसायची, देवाच्या नाकावर बसायची. म्हणून म्युनिसिपालटीनं एक माणूस आणि एक हेला ठेवला होता. माणूस निजाम, आणि हेल्याचं नाव मुनशी. तो मान खाली घालून असा चालायचा की जणू रस्ता वाचतोय आणि मजकूर काही पटत नाहीये. पाठीवर पखाल, पखालीच्या दोन्ही तोंडांतून पाण्याच्या दोन बारीक धारा, आणि मागे निजाम. विहिरीपासून निघायचं, मशिदीच्या कोपऱ्यावरून बाजारात, बाजारातून म्युनिसिपालटीच्या प्रेसिडेंटसाहेबांच्या फाटकावरून शाळेपर्यंत. शाळेशी रस्ता संपला, काम संपलं. मागे ओल्या मातीचा वास दरवळे आणि दुकानदार निजाम चालल्याचं ओळखून म्हणत, "निजाम जाई ऱ्हायना."

असा माणूस. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. त्याला युनियनमध्ये घातलं.

झालं असं की जकात नाक्यावरचे नाकेदार इंद्रसिंग गिरासे धुळ्याला मेहुण्याकडे गेले. तिथं त्यांनी गिरणीच्या कामगारांची मिरवणूक पाहिली. हजार माणसं एका आवाजात ओरडत होती. इंद्रसिंगांच्या अंगावर काटा आला. आयुष्यभर नाक्यावर बसून त्यांनी एकट्यानं ओरडायचं काम केलं होतं, तेही बैलगाड्यांवर. ते परत आले ते एक लाल फडकं आणि अर्धवट ऐकलेलं भाषण घेऊन. दुसऱ्याच दिवशी नाक्याच्या निंबाखाली म्युनिसिपल नोकरांची युनियन उभी राहिली.

"ज्याले पसंत शे त्यानी यावं का?" दिवाबत्तीवाल्या बुध्यानं विचारलं. बुध्या नवापूरकडच्या डोंगरातला, बुटका, गालावर कायम काजळी.

"पसंत कसाले?" इंद्रसिंग म्हणाले. "जल्म घेवाना येळे तुले पसंत इचारी व्हती का? म्युनसिपालटीनी भाकर खास तो युनियनमा. बस्स."

"आनि नही ऊना तर?"

"तू त्यान्ही गल्लीमा दिवा लावाना नही. पारुबाई त्यान्हा दार झाडाव नही, उलट गावना बठ्ठा कचरा तठे लोटी देई."

रस्ते झाडणाऱ्या पारुबाईला हे फार आवडलं. ती म्हणाली, "माय वो! मंग कोनीतरी नही म्हना ना!"

कुणी नाही म्हटलं नाही. निजामनं तर काहीच म्हटलं नाही. इंद्रसिंगांनी त्याचा हात धरून वर केला आणि तो मेंबर झाला.

इथपर्यंत त्यानं सोसलं असतं. बैठकीत मागे बसायचं, मुनशीच्या कानामागच्या गोचिड्या काढायच्या, सगळे ओरडले की ओठ हलवायचे. पण धुळ्याच्या त्या भाषणातलं एक वाक्य इंद्रसिंगांच्या मनात पक्कं रुतलं होतं: प्रत्येक कामगाराच्या पोटात एक गाऱ्हाणं असतं. यावरून त्यांनी नियम काढला की प्रत्येक मेंबरनं बैठकीत उभं राहून आपलं गाऱ्हाणं मोठ्यानं सांगायचं. सगळ्यांची झाली की ती एकदम प्रेसिडेंटसाहेबांपुढे मांडायची. एकाचं राहिलं तर कुणाचंच मांडायचं नाही.

बुध्या उभा राहिला. "शिडी लहान शे. मी बी लहान शे. दोन्हीमातून एक वाढाडी द्या."

टाळ्या.

पारुबाई उभी राहिली. "प्रेसिडेंटनी शेळी मन्हा झाडू खाई जास. फाटकसमोर झाडाले लागनू का येस आनि मन्हा हातमाच खास. शेळी ठेवा नहीतर झाडू ठेवा, दोन्ही नका ठेवू."

जास्त टाळ्या.

इंद्रसिंगांनी स्वतःचं सांगितलं. नाक्यावरच्या खुर्चीला एक पाय कमी होता, आणि चौथ्या पायाच्या जागी ते स्वतःचा पाय लावत. त्यामुळे त्यांना उठून कुणाला अडवता येत नसे; उठले की खुर्ची पडे, आणि खुर्ची पडली की गाडीवाला हसत निघून जाई.

मग सगळ्यांनी मागे पाहिलं.

"निजाममियाँ, तुमनं?"

निजाम उभा राहिला. त्यानं मुनशीकडे पाहिलं, निंबाकडे पाहिलं. "मन्हं काहीच नही."

"काहीच नही कसं? उन्हामा हिंडतस ना?"

"पाय ओल्यामा ऱ्हातस. गार लागस."

"पखाल गळत व्हई!"

"गळानीच ऱ्हास ती. नही गळनी तर रस्ता कसा वल्ला व्हई?"

इंद्रसिंगांनी कपाळाला हात लावला. "हेला मारस?"

मुनशीनं मान वर केली. एवढा अपमान त्यानं त्याआधी ऐकला नव्हता.

त्या दिवसापासून निजामच्या मागे गाव लागलं. कारण त्याचं गाऱ्हाणं येईना म्हणून शिडी वाढेना, शेळी बांधली जाईना, खुर्चीला पाय मिळेना. बाजारात लोक त्याला अडवून गाऱ्हाणी सुचवत. शिंपी म्हणाला, छत्री माग. हलवाई म्हणाला, पाण्यात वाळा टाकायला माग, बाजार सुगंधी होईल. एक म्हातारा म्हणाला, दुसरा हेला माग, याला सोबत होईल. निजाम सगळ्यांना "बरं" म्हणे आणि पुढे जाई. बुध्या तर शिडी खांद्यावर घेऊन त्याच्या दारात येऊन बसला.

"निजामदादा, एक गाऱ्हानं. बारकंसं. खोटं चाली."

"खोटं कसं सांगू, बुध्या?"

"मंग खरं सांग!"

यावर निजामनं दोरीची गाठ उगाचच आवळली.

एकदा तो स्वतःच नाक्यावर गेला. म्हणाला, "नाकेदारसाहेब, मले युनियनमातून काढी टाका."

इंद्रसिंगांनी खूप विचार केला. "काढाले ठराव लागस. ठरावले एकमत लागस. एकमतले तुन्हा हात वर पायजे. पन तू भायेर जाई ऱ्हायना म्हनजे तुन्हा हात धरता येस नही. तुन्हा हात नही, तर एकमत नही. एकमत नही, तर तू मझारच."

निजाम घरी आला. विहिरीत पडलेली बादली तरी गळ टाकून काढता येते, त्याला वाटलं. युनियनमध्ये पडलेला माणूस काढता येत नाही.

खरी गोष्ट अशी होती की निजामला गाऱ्हाणं होतं. एकच होतं, आणि ते हाजराबीचं होतं.

शाळेच्या पलीकडे, जिथं रस्ता संपून नुसती पायवाट उरते, तिथं म्युनिसिपालटीचा कोंडवाडा होता. चुकलेली, मोकाट सुटलेली, कुणाच्या कपाशीत घुसलेली गुरं तिथं कोंडून ठेवत. हाजराबीचा नवरा त्याचा राखणदार होता. तो गेल्यावर तिनं किल्ली कमरेला लावली आणि कामाला लागली; दुसरं कुणी शिंगाळ्या बैलांपुढे उभं राहायला तयार नव्हतं, म्हणून म्युनिसिपालटीनंही ती परत मागितली नाही. सगळं गाव तिला आपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणे. हिंदू, मुसलमान, पोरं, म्हातारे, सगळे. एकटा निजाम तिला आपा म्हणत नसे. तो नुसता खोकत असे.

रस्ता शाळेशी संपायचा, पण मुनशी संपायचा नाही. तो तसाच पुढे चालायचा आणि कोंडवाड्याच्या दारात जाऊन उभा राहायचा. बाकीच्या गुरांना दोर लावून, शेपट्या पिरगाळून तिथं आणावं लागे. हा आपल्या पायांनी जाई. पहिल्यांदा असं झालं तेव्हा निजामला राग आला. दुसऱ्यांदा आला नाही. मग तो पखालीत शेवटचं थोडं पाणी राखून ठेवू लागला, म्हणजे मुनशी कशासाठी थांबलाय असं कुणी विचारलं तर हातात काहीतरी काम असावं. तो पाणी सांडत राही. हाजराबी दारात उभी राही.

"आज ऊन शे," ती म्हणे.

निजाम खोके.

"काल बी व्हतं."

तो मान डोलावी. मग मुनशी आपणहून मान फिरवी आणि चालू लागे, आणि निजामला जावं लागे. एवढंच. दिवसाचं एवढंच. पण त्या एवढ्याशावर त्याचा दिवस असा उभा होता, जसा रांजण मातीच्या एवढ्याशा वळ्यावर उभा असतो.

हे निंबाखाली उभं राहून सांगायचं? टाळ्यांसाठी? हाजराबीही युनियनमध्ये होती. तिलाही हात धरूनच घेतलं होतं. तिनं मात्र पहिल्याच बैठकीला सांगून टाकलं, "मन्हं गाऱ्हानं मन्हापाशी. जनावरं सोडी ईसन मी बठाव नही," आणि ती निघून गेली. तिला अडवायची इंद्रसिंगांची छाती झाली नाही; तिचं गाऱ्हाणं त्यांनी सांगितल्यात जमा धरलं. निजामला वाटे, आपण बोललो आणि ती हसली, तर? रोज त्याच दारासमोरून जायचं. आणि मुनशी तर थांबणारच.

आखाजी जवळ आली. वैशाखातली ती आखाजी, जेव्हा आमच्याकडे माहेरवाशिणी झाडांना झोके बांधतात, डोक्यावर गौराई घेऊन गाणी म्हणत नदीवर जातात. अनवाणी जातात. त्या दिवशी रस्ता ओला हवाच. हे ओळखून इंद्रसिंगांनी ठरवलं, हरताळ आखाजीलाच.

"निजामना गाऱ्हानानी वाट देखत बठलू तर खुर्चीना बाकीना पाय बी जातीन," ते म्हणाले. "हरताळ व्हवू द्या. गाऱ्हानं मांगून सांगजो."

आखाजीच्या दिवशी सगळे निंबाखाली बसले. झाडू आडवा, शिडी आडवी, लाल फडकं फांदीला. निजाम मान खाली घालून बसला होता. मुनशीला त्यानं घरी खुंटीला बांधून ठेवलं होतं, आणि कानात सांगितलंही होतं की आज हरताळ आहे. पण मुनशीला युनियनमध्ये कुणी घेतलं नव्हतं.

ऊन चढलं. पाणी मारायची वेळ झाली. मुनशीनं खुंटीला एक हिसडा दिला, खुंटी उपटली, आणि ती गळ्यात लोंबकळत घेऊन तो विहिरीवर गेला. तिथं पखाल भरायला जितका वेळ लागतो तितका वेळ उभा राहिला. पाठीवर पखाल नव्हती, ते त्याला काही विशेष वाटलं नसावं. मग मान खाली घालून, रस्ता वाचत, तो बाजाराकडे निघाला.

नदीकडे निघालेल्या बायकांनी त्याला पाहिलं आणि गौराईचं गाणं तिथंच मोडून नवं धरलं:

हेला निंघना पानीले, पाठवर नही पखाल वो माय,
धनी बठना निंबखाले, वाट तपनी लाल वो माय!

निंबाखाली गाणं पोचलं. पारुबाई उठून उभी राहिली. "नाकेदारभाऊ! हेला कामवर जाई ऱ्हायना!"

"हरताळमा?" इंद्रसिंग ओरडले.

"हेला मेंबर शे का पन?" बुध्यानं विचारलं.

"वैरण म्युनसिपालटीनी खास ना? मंग मेंबर! धरा त्याले!"

अशी आमच्या गावच्या युनियनची पहिली मिरवणूक निघाली. पुढे मुनशी, गळ्यात खुंटी. मागे लाल फडकं घेऊन इंद्रसिंग, मग शिडी घेऊन बुध्या, झाडू घेऊन पारुबाई, शेवटी निजाम. मुनशीला धरायचं कुणी हे ठरेना, कारण हेला हाकणं हेही म्युनिसिपालटीचंच काम, आणि हरताळात काम करायचं नाही. म्हणून सगळे नुसते मागून "थांब रे, थांब रे" म्हणत चालले. मशिदीच्या कोपऱ्यावर तो थांबला, तिथं तो रोजच थांबे. इंद्रसिंगांना वाटलं, आपलं ऐकलं. तेवढ्यात तो चालू लागला. प्रेसिडेंटसाहेबांच्या फाटकाशी शेळी आली, पारुबाईच्या हातातला झाडू तिनं आवडीनं चाखला, आणि तीही मिरवणुकीत सामील झाली. मागून बायका आल्या, डोक्यावर गौराई, ओठांवर हेल्याचं गाणं.

निजाम आणखी मागे पडला. शाळा आली.

"आते वळी," इंद्रसिंग म्हणाले. "आठे रस्ता सरना."

मुनशी वळला नाही. तो सरळ पुढे गेला आणि कोंडवाड्याच्या दारात उभा राहिला. सगळं गाव त्याच्यामागे उभं राहिलं. आणि मग सगळ्यांनी खाली पाहिलं.

वैशाखात आमच्याकडे गवताची काडी हिरवी दिसत नाही. आणि कोंडवाड्याच्या दारापुढे हिरवळ होती. सतरंजीएवढी, लुसलुशीत, दाट. शेळीनं झाडू सोडला आणि ती तिकडे धावली.

"हाई काय?" इंद्रसिंग हळूच म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले, "निजाममियाँ! रस्ता शाळापावतच शे. आठे पानी कोन टाकस?"

निजामनं घसा साफ केला.

"खोकू नका! म्युनसिपालटीना पानीनी चोरी! आनि कोनासाठे? कोंडवाडाले त्यान्ही सोतानी ईहीर शे! मी प्रेसिडेंटसमोर काय तोंड दाखाडू? आम्ही गाऱ्हानं मांडसूत आनि ते म्हनतीन, तुमनाच मेंबर पानी चोरस!"

"कदाचित आपानीच मांगं व्हई पानी," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

दार उघडलं. हाजराबी उंबऱ्यावर आली, कमरेला किल्ली. तिनं एवढी माणसं पाहिली, गौराया पाहिल्या, शिडी पाहिली. गर्दीतलं ते बोलणं तिनं ऐकलं होतं. तिचा चेहरा बदलला नाही, पण किल्लीवरची मूठ घट्ट झाली. पाणी तिनं मागितलं असं ठरलं, तर ती किल्ली उद्या कमरेला राहणार नव्हती, हे तिथं उभ्या सगळ्यांना कळत होतं.

निजामलाही कळलं.

"तिनी नही मांगं," तो म्हणाला.

इतका मोठा आवाज त्याच्यातून याआधी कुणी ऐकला नव्हता. मुनशीनंही मागे वळून पाहिलं.

"मंग?" इंद्रसिंग म्हणाले.

"मन्हं गाऱ्हानं शे."

मग बुध्यानं शिडी टाकली. "गाऱ्हानं शे! निजामदादानं गाऱ्हानं शे!" इंद्रसिंगांचा चोरीवरचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी लाल फडकं छातीशी धरलं. "बोल, भाऊ! बोल! बठ्ठी युनियन तुन्हामांगे शे!"

निजामनं हाजराबीकडे पाहिलं नाही. मुनशीच्या शिंगाकडे पाहत तो म्हणाला, "हेला रोज आठे थांबस. मी नही थांबाडत, तो आपलाच थांबस. मंग थोडीशी येळमा चालाले लागस." तो अडखळला. "तो चालाले लागस, हाईच मन्हं गाऱ्हानं."

बायकांना आधी कळलं. त्यांच्यात एक लाट उठली, पदर तोंडाला गेले. पारुबाईला कळलं आणि ती म्हणाली, "या माय!" बुध्याला कळलं. इंद्रसिंगांना जरा उशिरा कळलं, कारण ते या गाऱ्हाण्यावर म्युनिसिपालटीनं काय करावं याचा विचार करत होते. कळल्यावर मात्र त्यांना दुसरं काही सुचेना, म्हणून जे येत होतं तेच त्यांनी केलं.

"ज्याले हाई गाऱ्हानं मंजूर शे, त्यानी हात वर!"

बुध्याचा हात वर गेला. पारुबाईचा झाडूसकट गेला. बायकांनी एका हातानं गौराई धरून दुसरा वर केला. त्या युनियनमध्ये नव्हत्या, पण आखाजीला बायकांना कोण अडवतो? शिंपी, हलवाई, म्हातारा, सगळ्यांचे हात वर.

"एकमत!" इंद्रसिंग ओरडले. मग थांबले. "एक मेंबर ऱ्हायना."

सगळे हाजराबीकडे वळले. निजामनं डोळे मिटून घेतले. आता ती हसेल, त्याला वाटलं. बायकांचं गाणंही थांबलं होतं. नुसती शेळी गवत खात होती, त्याचा करकर आवाज.

हाजराबी उंबरा उतरून खाली आली. तिनं मुनशीच्या गळ्यातली खुंटी काढली आणि बाजूला ठेवली.

"आपलाच थांबस?" ती निजामला म्हणाली. "तुमले खरंच असं वाटस, हाऊ हेला आपलाच थांबस?"

निजामनं डोळे उघडले.

तिनं ओढणीची गाठ सोडली. आत गुळाचा खडा होता. मुनशीनं तो सवयीनं जिभेवर घेतला आणि डोळे अर्धे मिटले.

"रोज देस मी. तुम्ही पखालना तोंडकडे देखतस, तव्हय," हाजराबी म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज जरा हलला. "हेलावर जीव शे म्हनीसन नही. हेला थांबना का तुमले बी थांबनं पडस, म्हनीसन."